चौदा मिलिमीटर कशाचे?

"बापू, गावाकडे गार पडली म्हनते टीव्हीवर. पाह्य बरं तुह्या लॅपटॉपमधी, आपल्याकडे काय पडलं थे."

हे वाक्य माझ्या मामाचं. वेळ, मंगळवार, २७ फेब्रुवारी २०२४ ची सकाळ. स्थळ, पुण्यातला माझा भाड्याचा फ्लॅट. रविवारी बहिणीचा साखरपुडा झाला होता. मामाशिवाय साखरपुडा होत नाही, त्यामुळे मामा-मामी आले होते आणि "आता आलाच आहात तर देहू-आळंदी करून जा" असा आईचा आग्रह चालू होता. मामाचं मन मात्र बागेत. अंजनगावहून अकोटकडे जाताना सातपुड्याच्या अंगाला त्याची तीन एकर संत्रा आहे, साडेतीनशेच्या आसपास झाडं. सालदार त्याच आठवड्यात त्याच्या गावी लग्नाला गेलेला. म्हणजे बागेत बघायला कोणीच नाही.

सोमवारी संध्याकाळी तिकडे आभाळ भरून आलं होतं. विदर्भात गारपिटीचा इशारा होताच. मामानं गावात शेजाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "गावात तं पानीच आलं बाप्पा. हवा लय होती." पण बाग गावापासून तीन किलोमीटर. आणि गारपीट पट्ट्यानं येते, हे वऱ्हाडातल्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. एका धुऱ्यावर झाडं झोडपलेली, दुसऱ्या धुऱ्यावर नुसता ओलावा, असं आम्ही लहानपणापासून पाहिलंय.

म्हणून त्यानं मला विचारलं. घरातला इंजिनिअर ना मी!

मी ऐटीत लॅपटॉप उघडला. आपल्याकडे मंडळनिहाय पावसाचे आकडे रोज इंटरनेटवर बघायला मिळतात. आमच्या मंडळासमोर लिहिलं होतं, १४.२ मिमी. मी मामाला सांगितलं, "मामा, पाऊसच आहे. चौदा मिलिमीटर. गारा नाहीत."

मामा म्हणाला, "मंग राहू दे. तू म्हनतं तं नसन पडली."

त्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सचं त्याचं तिकीट मीच माझ्या मोबाइलवरून रद्द केलं आणि गुरुवार रात्रीचं काढलं. थोडे पैसे कापले गेले, तेवढ्यावरही मी चिडलो होतो. बुधवारी आम्ही आळंदीला गेलो. इंद्रायणीच्या घाटावर बसून मामानं भेळ खाल्ली. छान दिवस गेला.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला मी स्टँडअप मीटिंगमध्ये होतो तेव्हा मामाचा व्हिडिओ कॉल आला. मी कट केला. पुन्हा आला. उचलला तर पडद्यावर मामा नव्हताच, जमीन होती. जमिनीवर संत्र्यांचा सडा. काही फुटलेली, काही अख्खी दिसणारी पण एका बाजूनं काळपट खड्डे पडलेली. मधूनमधून हिरव्या पानांचा चुरा, कोणी कोयत्यानं कापल्यासारखा.

मामा फार बोलला नाही. "झोडपून काढली रे बाग," एवढंच. आणि मग थोड्या वेळानं, अगदी सहज, राग नाही काही नाही, "तुह्या मशीनीत आलं नाही काय हे?"

ह्या प्रश्नानं माझी पुढची कित्येक रात्रींची झोप घालवली. आजचा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. जरा लांब आहे, चहा घेऊन बसा :)

*

आधी नुकसान समजून घेऊ, कारण पुण्या-मुंबईच्या वाचकांना संत्रं फक्त टोपलीत दिसतं. आमच्याकडे संत्र्याचे मुख्य बहार दोन. आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो, त्याची फळं साधारण ऑक्टोबरपासून निघतात. मृग बहार जून-जुलैत फुलतो आणि त्याची फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडायला येतात. फेब्रुवारी संपता संपता गार पडली की ती दोन्हीकडे मारते. काही झाडांवर मृगाची तयार फळं असतात, ती पडतात किंवा डागाळतात. आंबियाच्या झाडांवर फुलं आणि ज्वारी-मुगाएवढी बारीक फळं असतात, ती तर गळूनच जातात. म्हणजे एका पंधरा मिनिटांच्या गारपिटीत हातातलं पीकही जातं आणि पुढचंही. मामाच्या मृगाच्या झाडांचा सौदा झाला होता, व्यापाऱ्यानं इसारही दिला होता. तो आला, बाग बघून मान हलवली आणि निम्म्याहून कमी भाव बोलून गेला. डागी संत्रं रसवाल्यालाच जातं.

आता विम्याचं. फळपिकांसाठी आपल्याकडे हवामानावर आधारित विमा आहे. त्याची कल्पना मला इंजिनिअर म्हणून आवडते. तुमच्या मंडळाच्या संदर्भ हवामान केंद्रावर ठरलेल्या काळात पाऊस कमी-जास्त झाला किंवा तापमान ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं, की आकड्यांवरूनच भरपाई ठरते. कोणी शेतात यायचं कारण नाही, पंचनामा नाही, अर्ज नाही. यंत्र बोलतं, पैसे निघतात.

फक्त गारपीट ह्याला अपवाद आहे. गारपिटीचं संरक्षण जादा हप्ता भरून वेगळं घ्यावं लागतं, आणि ते घेतलं तरी भरपाई आपोआप मिळत नाही. शेतकऱ्यानं ७२ तासांच्या आत स्वतः कळवायचं, मग पाहणी होते, मग पुढचं.

मामानं तो जादा हप्ता भरला होता. सोमवारी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास गार पडली असावी. ७२ तास गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला संपले. त्या वेळी मामा माझ्या घरी बॅग भरत होता. मंगळवारची गाडी पकडली असती तर बुधवारी सकाळी तो बागेत असता आणि हातात दीड दिवस असता.

शुक्रवारी दुपारी मी स्वतः फोन लावत बसलो. पलीकडच्या मुलीनं नम्रपणे सांगितलं, मुदत संपली आहे. तिचं काही चुकलं नव्हतं. नियम स्पष्ट होता. चुकलं होतं माझं.

पण नक्की काय चुकलं? आकडा खोटा नव्हता. यंत्र बिघडलेलं नव्हतं. मी ते नीट वाचलंही होतं. तरी उत्तर चूक निघालं. आमच्या धंद्यात ह्याला सगळ्यात वाईट बग म्हणतात. एररही येत नाही आणि आउटपुटही चूक.

*

मेख अशी की ते यंत्र आतून कसं असतं हे मला माहीत होतं. अमरावतीला इंजिनिअरिंग करताना आमचा तिसऱ्या वर्षाचा मिनी-प्रोजेक्टच तो होता! वर नरसाळं. नरसाळ्याखाली सी-सॉसारखी दोन कप्प्यांची छोटी बादली. एका कप्प्यात ठरलेलं पाणी साचलं की ती कलते, पाणी ओतलं जातं आणि दुसरा कप्पा नरसाळ्याखाली येतो. बादलीला लोहचुंबक, शेजारी रीड स्विच. प्रत्येक कलण्याला एक 'टिक'. बहुतेक यंत्रांत एक टिक म्हणजे ०.२ मिमी, काहींत ०.५. आमच्या मंडळाचं यंत्र ०.२ चं असेल तर त्या संध्याकाळी ते ७१ वेळा कललं. एवढंच त्याला माहीत. ७१ वेळा.

आता ह्या नरसाळ्यात गार पडली तर काय होतं? काही गारा टप्पा घेऊन बाहेर उडतात. काही तोंडात अडकून बसतात आणि सावकाश वितळतात. वितळल्या की त्यांचं पाणी खाली जातं आणि बादली कलते, टिक. यंत्राच्या दृष्टीनं तो पाऊसच. थोडा उशिरा आलेला आणि थोडा कमी मोजलेला, पण पाऊस. त्या १४.२ मध्ये गारेचं पाणी होतं की नाही, हे आजही कोणी सांगू शकत नाही. शिवाय केंद्र बागेपासून पाच-सहा किलोमीटरवर, आणि गारेचा पट्टा कधी कधी त्याहून अरुंद असतो.

ज्यांनी कधी डेटाबेसला हात लावलाय त्यांना पुढची गोष्ट लगेच कळेल. शून्य वेगळं आणि नल वेगळं. शून्य म्हणजे मोजलं, आणि काही नव्हतं. नल म्हणजे मोजलंच नाही. पगाराच्या रकान्यात शून्य असेल तर माणूस फुकट काम करतो, नल असेल तर आपल्याला त्याचा पगार माहीत नाही. नवीन पोरं हे दोन एकत्र करतात म्हणून मी कोड रिव्ह्यूमध्ये त्यांना झापतो. आणि त्या मंगळवारी मी स्वतः काय केलं? त्या तक्त्यात गारपिटीचा रकानाच नव्हता. जो रकाना नाही त्यात मी माझ्या मनानं शून्य भरलं आणि मामाला वाचून दाखवलं.

खरं उत्तर होतं, "मामा, ह्या यंत्राला गार दिसत नाही. मला माहीत नाही. तुम्ही निघा."

*

मग सुरू झाला माझा विकेंडचा नवा नाद. काय पडतंय हे ओळखणारं यंत्र असतं का? किती पडलं हे नव्हे, काय पडलं हे.

पहिलं उत्तर अर्थातच, माणूस. हवामान खात्याच्या अकोल्यासारख्या वेधशाळेत निरीक्षक ठरलेल्या वेळी 'सध्याचं हवामान' नोंदवतो, त्यासाठी जगभर एकच संकेत आहे, ०० ते ९९ असे शंभर आकडे. रिमझिम वेगळी, पाऊस वेगळा, हिम वेगळं. मेघगर्जनेसह गारा असतील तर ९६, तेच वादळ जोरदार असेल तर ९९. माणूस दारात उभा राहतो, बघतो, ऐकतो, दोन आकडे लिहितो. हे काम यंत्राला द्यायचं तर यंत्राला डोळे किंवा कान हवेत.

डोळ्याचा पहिला मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. १९९० च्या दशकात त्यांनी विमानतळांवर माणसाऐवजी स्वयंचलित केंद्रं बसवायला सुरुवात केली. त्यात एक यंत्र आहे, एका बाजूला इन्फ्रारेड दिवा, समोर प्रकाश टिपणारा डोळा. मधून काही पडलं की प्रकाश लुकलुकतो. पावसाचे थेंब भराभर पडतात, म्हणून लुकलुकणं जलद, सेकंदाला हजार ते चार हजार वेळा. हिम तरंगत येतं, म्हणून लुकलुकणं संथ, पाऊणशे ते अडीचशे वेळा. म्हणजे यंत्र वस्तू बघत नाही, तिचा वेग बघतं. मला ही युक्ती फार आवडली. फक्त एक गंमत बघा. गार मात्र ही केंद्रंसुद्धा स्वतःहून कळवत नाहीत. ती नोंद निरीक्षकानं हातानं घालायची!

दुसरा डोळा त्याहून तल्लख. लेसरचा एक चपटा पट्टा, साधारण १८ सेंटिमीटर लांब आणि ३ सेंटिमीटर रुंद, पेन्सिल-बॉक्सएवढा म्हणा. त्यातून एखादा कण गेला की प्रकाश किती अडला त्यावरून आकार, आणि किती वेळ अडला त्यावरून वेग. ह्याला डिस्ड्रोमीटर म्हणतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं महाबळेश्वरला २०१२ मध्ये ढगांच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उभारली, तिथं पावसाचे थेंब मोजायला डिस्ड्रोमीटर वापरलेत.

आकार आणि वेग, एवढ्या दोन आकड्यांवर ओळख कशी पटते? कारण पाण्याच्या थेंबाला स्वतःचे नियम आहेत. एक मिमीचा थेंब सेकंदाला साधारण ४ मीटर वेगानं पडतो, पाच मिमीचा ९ मीटरनं. त्याहून मोठा थेंब हवेच्या दाबानं चपटा होतो आणि फुटतो. पाच-सहा मिमीच्या वर पाण्याचा थेंब टिकतच नाही म्हणा ना. म्हणजे आलेख काढला तर पाऊस एका ठरलेल्या वक्र रेषेवर बसतो. हिम त्या रेषेच्या खूप खाली, मोठं पण आळशी. आणि एखादा कण पंधरा मिमीचा असून जोरात आला, तर तो पाणी असूच शकत नाही. तिथं दुसरा उमेदवारच नाही. ती गार.

जाता जाता एक हिशोब. दोन सेंटिमीटरची गार (लहान सुपारीएवढी) आणि दोन मिमीचा थेंब घ्या. व्यास दहा पट, म्हणून वस्तुमान जवळजवळ हजार पट. वेग सुमारे तिप्पट, त्याचा वर्ग नऊ. म्हणजे आघाताची ऊर्जा आठ-नऊ हजार पट. पर्जन्यमापकाच्या तक्त्यात हे दोन्ही एकाच रकान्यात, एकाच एककात जातात. मिलिमीटर. संत्र्याच्या झाडाला मात्र फरक कळतो.

तिसरा प्रकार कानाचा. स्वित्झर्लंडमध्ये गारपीट जास्त होते अशा तीन भागांत २०१८ पासून पुढे ८० यंत्रं बसवली. एक गोल तबकडी, तिच्या खाली मायक्रोफोन. गार आपटली की तबकडी थरथरते, थरथरीवरून गारेचा आकार काढतात. आणि सगळ्यात स्वस्त प्रकार म्हणजे थर्मोकोलच्या चौकोनावर ॲल्युमिनियमची फॉइल. गार पडली की खळगे पडतात, ते मोजायचे. अमेरिकेत १९९८ पासून हौशी लोकांचं एक मोठं जाळं अंगणात पाऊस मोजतं, त्यात ह्या फॉइलवरच्या खळग्यांची नोंदही करतात.

नागपूरला हवामान खात्याचं रडार आहे, ते का नाही सांगत, असं तुम्ही विचाराल. रडार ढग छान बघतं. पण पृथ्वी गोल आहे, आणि अंजनगावच्या बाजूला येईपर्यंत त्याचा किरण जमिनीपासून तीनेक किलोमीटर वर गेलेला असतो. तिथं जे बर्फ दिसतं ते खाली येईपर्यंत वितळलं की नाही, आणि वितळलं नाही तर मामाच्या धुऱ्यात पडलं की शेजाऱ्याच्या, हे त्याला तिथून कसं कळणार? पावसाळ्यात ते बहुतेक वितळतंच. फेब्रुवारी-मार्चमध्ये हवा वरच्या थरात जास्त थंड असते, गोठण्याची पातळी खाली आलेली असते, म्हणून गार गार म्हणूनच पोचते. २०१४ साली फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात जे झालं ते आठवत असेल तुम्हाला.

आपल्याकडे २०१७ पासून महावेध प्रकल्पात महसूल मंडळागणिक स्वयंचलित केंद्रं बसली, दोन हजारांहून जास्त. तापमान, आर्द्रता, वारा, पाऊस. हे फार मोठं काम आहे, त्याआधी तालुक्यात एखादं केंद्र असायचं. पण चारच गोष्टी. पाचवी, म्हणजे काय पडलं, ही अजून माणसाकडेच आहे. थोडक्यात, आपल्या राज्यातला खरा डिस्ड्रोमीटर म्हणजे तलाठी आणि कृषी सहायक. (मामाच्या बागेत ते दोघे आले, झाडाखाली वाकून फळं उलटीपालटी करून पाहिली, पंचनामा केला. सरकारी मदत काही महिन्यांनी आली. थोडी होती, पण आली.)

आणि हो, एक योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. विमानतळांच्या हवामान अहवालात गारेसाठी जे दोन अक्षरी चिन्ह वापरतात ते आहे 'जीआर'. गारेच्या फ्रेंच शब्दावरून, 'ग्रेल'. आमच्याकडे आधी गार पडते आणि मग जीआर निघतो. जगात कोणी तरी आधीच सोय करून ठेवली होती :)

*

हे सगळं वाचताना मला सारखी आजी आठवत होती. अकोल्याला आमचं जुनं घर टिनाचं. उन्हाळ्यात भट्टी, आणि वळवाच्या पावसात शेजारी बसलेल्या माणसाचंही ऐकू येत नसे. रात्री लाइट गेलेली असायची. आजी खाटेवर पडल्या पडल्या कान देऊन म्हणायची, "पानी नाही हे. गार होय." बाहेर न जाता. आणि ती बरोबर असायची. मला तेव्हा जादू वाटायची. आता कळतं, आजी स्विस पद्धतीनं काम करत होती.

म्हणून मी तेच केलं. घरातली स्टीलची एक ताटली (आईला अजून माहीत नाही). तिच्या पाठीला चिकटवलेली पीझो चकती, तीच जी खेळण्यातल्या घंटीत असते, पंधरा रुपयांची. एक छोटा वायफाय बोर्ड, छोटं सोलर पॅनल, एक सिमकार्डवाला राउटर. दिवाळीला गेलो तेव्हा मामाच्या मोटरघराच्या टिनावर हे प्रकरण बसवलं. थेंब पडला तर लहान ठोका, गार पडली तर मोठा. मध्ये एक मर्यादा ठरवायची, तिच्या वर गेलं की मामाला आणि मला मेसेज: 'गारपीट झाली'. मर्यादा ठरवायला मी फ्रिजमधला बर्फ गच्चीवरून ताटलीवर टाकून पाहिला. सोसायटीच्या वॉचमननं काय समजायचं ते समजलं असेल.

बसवल्यावर आठव्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मेसेज आला. गारपीट झाली. एकदा नाही, सलग चाळीस मेसेज. मी दात घासत होतो तसाच फोन लावला. "मामा, गार पडली!"

"आभाळ कोरडं आहे न बापू."

"जाऊन तर पाहा!"

मामा गेला. दहा मिनिटांनी त्याचा फोन. पलीकडून धपाधप आवाज आणि मामीचं ओरडणं. "गार नाही रे. वानेरं हायेत. टिनावर बसून संत्री खाऊन राह्यले."

मी हसलो, पण नंतर पुन्हा तोच विचार. आधी मी गार असताना 'नाही' म्हणालो होतो, आता वानरं असताना 'आहे' म्हणालो. दोन्ही वेळा यंत्रानं त्याला कळलं तेवढंच सांगितलं होतं. ७१ टिक. चाळीस ठोके. पुढचा शब्द माझा होता. लेसरवाल्या महागड्या यंत्रांचंही असंच असतं म्हणे. कोळ्यानं जाळं विणलं की त्यांना आभाळ निरभ्र असताना पाऊस दिसतो.

वानरांसाठी कोडमध्ये बरंच काही करता येईल. पाऊस नसताना गार सहसा येत नाही, म्हणजे लहान ठोके आधी आले का ते बघायचं. वानराचा ठोका जड आणि लांब, गारेचा कोरडा आणि तोकडा. हे सगळं लिहून झालंय, थोडंफार चालतंही. पण सगळ्यात महत्त्वाचा बदल एका ओळीचा होता. मेसेजमधून 'गारपीट झाली' काढून टाकलं. आता तिथं लिहिलंय, 'ताटली वाजली. जाऊन पाहा.' आणि चोवीस तासांत राउटरशी संपर्कच झाला नाही तर दुसरा मेसेज येतो: 'आज काही माहीत नाही.' हा दुसरा मेसेज लिहायला मला वीस मिनिटं लागली, आणि तोच आधी लिहायला हवा होता.

त्या वर्षी मामेबहिणीची कॉलेजची फी मी भरली. मामा नको म्हणत होता, शेवटी एका अटीवर तयार झाला. त्यानं त्याच्या वहीत ती रक्कम माझ्या नावानं उसनी म्हणून लिहून ठेवली. पुढच्या मृग बहाराचा पहिला हप्ता आला तेव्हा त्यातले काही पैसे त्यानं मला परतही पाठवले. मी घेतले. न घेतले असते तर तो पुन्हा मला काही विचारायला संकोचला असता, आणि मला त्यानं विचारत राहायला हवंय.

परवा रात्री पुन्हा मेसेज आला. 'ताटली वाजली. जाऊन पाहा.' मी फोन लावायच्या आतच मामाचा फोन.

"चाललो आहे पाहाले. टॉर्च घेतला. तू झोप."

मी काही झोपलो नाही. अर्ध्या तासानं मेसेज आला, मामानं स्वतः टाइप केलेला, त्याच्या पद्धतीनं सगळं जोडून लिहिलेला: 'पानीचआहे'.

असो. मर्यादा अजून थोडी वर न्यावी लागेल. उद्या रविवार आहे, बसतो.